सुईखालची तेजस्विनी

वऱ्हाडात जुने फोनो, म्हणजे ग्रामोफोन, जमवणाऱ्याला आधी यंत्राची हौस लागते, प्लेटांची मागाहून. चकचकीत पितळी भोंगा लावून जे 'अँटिक' म्हणून दाखवतात ते बहुतेक हल्लीच घडवलेले असते. घ्यावी ती बाहेर भोंगा नसलेली, काळ्या सूटकेससारखी एचएमव्ही १०२. १९३१ मध्ये निघालेले हे मॉडेल दिसायला गरीब, पण स्प्रिंग शाबूत असेल तर अजून खणखणीत वाजते. यंत्र पारखायला ज्याची त्याची एक ठरलेली प्लेट असते. माझी मास्टर दीनानाथांची, 'रणदुंदुभी' नाटकातली: 'परवशता पाश दैवे'.

या निवडीत थोडा गावाभिमान आहे, नाकारत नाही. पद लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने गाजवलेले 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटकही त्यांचेच. 'रणदुंदुभी' १९२७ साली बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या, आणि दीनानाथ तेजस्विनीच्या भूमिकेत. तुरुंग पाहिलेल्या माणसाचे शब्द, ग्वाल्हेरची तालीम घेतलेल्या बुवांची चाल आणि ती गायला लुगडे नेसून उभा राहिलेला पंचविशी ओलांडलेला तरुण, असा हा मेळ.

पदाची पहिली गंमत अक्षरांतच आहे. प, र, व, श हे चार लघू एकामागून एक घरंगळत येतात. 'ता'वर पाय टेकतो न टेकतो तोच 'पाश'चा लांब आकार येतो आणि सगळे अडते. पारतंत्र्याचा फास गळ्यात पडलेल्याचे जिणे मरणाहून वेगळे नसते, हा पदाचा आशय. तो कळण्याआधीच फास बसल्याची जाणीव जिभेला होते. वामनरावांची पदे कवितेच्या पुस्तकात शोभतील असे कुणी म्हणणार नाही. शब्द रांगडे आहेत, उपमा ठरीव. पण तोंडात ते वजनदार बसतात, आणि नाटकाच्या पदाला तेच हवे असते.

खरी किमया पुढे आहे. मजकूर विलापाचा, गाणे मात्र विलापाचे नाही. बालगंधर्वांनी अशा शब्दाला कुरवाळले असते, त्यातून अश्रू काढले असते. दीनानाथ शब्दावर तुटून पडतात. त्यांची तान गोलाईने उतरत नाही, कोपरे घेत जाते. आवाज एकदम वर झेपावतो आणि तिथे रेंगाळत नाही. परवशतेचे वर्णन करणारा गळा स्वतः परवश नाही, हे ऐकणाऱ्याला कुणी वेगळे सांगावे लागत नाही. करुण रस हाताशी असताना तो सोडून वीराकडे जाण्याचे हे धाडस मला वझेबुवांच्या चालीपेक्षाही मोठे वाटते. काळही तसाच तापत होता: अकोल्याजवळ दहीहंड्याला, समुद्र नसलेल्या मुलखात, खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून लोकांनी मिठाचा कायदा मोडला तो १९३० मध्ये, म्हणजे नाटकानंतर तीनच वर्षांनी. नाटकात राज्य कल्पनेतले असले तरी फास कुणाचा, हे प्रेक्षकाला नेमके ठाऊक होते.

रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत हे पद कितीही लांबे. दहा इंची प्लेटेच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. त्यामुळे फुलवण्याला वावच नाही. प्रत्येक तान पोचलीच पाहिजे अशा घाईने येते. ती घाई दीनानाथांच्या स्वभावाला मानवते. चावीच्या यंत्रावर खर्जाचे सूर फारसे उमटत नाहीत, डग्ग्याची घुमार जवळपास गायब होते आणि मधल्या पट्टीतला तो धारदार आवाज एकटा पुढे येतो. प्लेट लाखेची, त्यात दगडाची भुकटी, म्हणून पोलादी सुईखाली खरखर अखंड चालू. (लाखेचा किडा पळसावरही पोसतो, आणि आमच्या मेळघाटात पळसाला काय तोटा!) हल्ली संगणकावर ही खरखर धुऊन काढतात. स्वच्छ आवृत्तीत साथ नीट ऐकू येते, पण गाणाऱ्यासमोर झगडायला काही उरत नाही. मला खरखरीसकटच हवे.

एक अडचण राहते, वेगाची. वेग राखणारा गव्हर्नर कमी वेगावर असला की प्लेट मंद फिरते, सूर उतरतो आणि तेजस्विनीचा बाप्या होतो. जास्त वेगावर ठेवला तर ती चिरकी होते. प्लेटेखाली कागदाचा कपटा सरकवून, घड्याळ लावून मिनिटाला ७८ फेरे मोजावेत, हाच उपाय. बरोबर ७८ वर ऐकले की आवाज धड बाईचा वाटत नाही, धड पुरुषाचाही नाही, आणि भूमिकेला तेच साजते. ७८ जमले की सुई बदलायची. पोलादी सुई एका बाजूलाच पुरते. दुसऱ्यांदा लावली तर वरच्या पट्टीतल्या त्याच ताना आधी खरवडल्या जातात.