रॉसचा सरासरी माणूस

रोनाल्ड रॉस आपल्याला माहीत असतो तो १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडलेला डॉक्टर म्हणून. त्याचं गणित फारसं वाचलं जात नाही. ते त्याने प्रथम मांडलं १९०८च्या मॉरिशसवरील अहवालात, आणि पुढे १९१०च्या ‘द प्रिव्हेन्शन ऑफ मलेरिया’ या ग्रंथात.

त्या काळचा आक्षेप सोपा होता : सगळे डास मारता येत नाहीत, मग थोडे मारून उपयोग काय? रॉसचं उत्तर असं. एका रोग्यापासून दुसरा रोगी व्हायचा तर डासाने रोग्याला चावायला हवं, परजीवी पक्व होईपर्यंत जगायला हवं आणि मग निरोगी माणसाला चावायला हवं. प्रत्येक पायरीवर गळती आहे. म्हणून डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली, की एक रोगी मागे सरासरी एक नवा रोगीही ठेवू शकत नाही आणि साथ आपोआप विझते. वैद्यकाला ‘किती?’ हा प्रश्न विचारायला शिकवणारं हे लेखन आजही ताजं वाटतं.

जॉर्ज मॅकडोनाल्डने १९५०च्या दशकात यात मोलाची भर घातली. परजीवी पक्व व्हायला साधारण दहा दिवस धरू. रोज शंभरातले ९० डास जगले, तर दहा दिवसांनी ३५ उरतात. ८० जगले, तर जेमतेम ११. म्हणजे डासाचं आयुष्य थोडं कमी केलं तरी पुरतं. घरातल्या भिंतींवर डीडीटी फवारण्यामागचं गणित हेच.

पण दोघांच्याही समीकरणांत राहतो तो सरासरी माणूस. सर्वांना सारखेच डास चावतात, हे त्यांचं गृहीतक. उसाच्या मळ्यात, पाणथळीशेजारच्या वस्तीत राहणारा मजूर आणि उंचावरच्या बंगल्यातला मालक यांच्यात ते फरक करत नाही. अनेक संसर्गांत साधारण २० टक्के यजमान ८० टक्के प्रसाराला कारणीभूत असतात, असा हिशेब १९९७ साली मांडला गेला. ते २० टक्के सुटले, तर सरासरी कितीही खाली आली तरी रोग तगून राहतो. आपले कोकणातले पूर्वज मॉरिशसला गेले ते मळ्यांवरच. त्यामुळे ही उणीव आपल्याला केवळ तांत्रिक वाटू नये.

तरीही रॉसची मर्यादेची कल्पना खरी ठरली, तीही मॉरिशसमध्येच. १९७३ साली मॉरिशस मलेरियामुक्त जाहीर झालं. १९७५च्या चक्रीवादळानंतर रोग परतला आणि पुन्हा हटवावा लागला. मर्यादेखाली जाणं म्हणजे कायमची सुटका नव्हे, हे समीकरणातच लिहिलेलं आहे : डास वाढले आणि बाहेरून एक रोगी आला, की पुरे. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या मागे तिथलं आरोग्य खातं रक्ततपासणीसाठी लागतं, तेव्हा कुरकुर करण्याआधी हे आठवावं.

रॉसने ‘किती?’ शिकवलं. ‘कोणाला?’ हा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारावा लागतो.