वाळूच्या गाडीला रफू

उत्तम रफू पाहायचं तर कापड उजेडासमोर धरावं लागतं. मांडीवर पसरून कितीही निरखलं तरी फाटलं कुठे होतं ते सापडत नाही. उजेड आरपार आला की मगच चार धागे किंचित दाट दिसतात. सॅन डिएगोच्या बाहेर राहणाऱ्या माझ्या आतेभावाने दोन वर्षं खपून उभी केलेली होंडा ओडिसी मी याच पद्धतीने पाहिली. टॉर्च घेतला आणि फरशीवर पाठ टेकून गाडीखाली सरकलो.

ओडिसी एफएल-२५० ही होंडाने १९७७ ते १९८४ या काळात काढलेली एकट्या माणसाची गाडी. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यात जमिनीला जवळजवळ टेकलेलं एक आसन, समोर स्टिअरिंग, पायाशी दोन पेडल आणि चार फुगीर टायर. दार नाही, काच नाही. पाठीमागे २४८ सीसीचं एकाच सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, होंडाच्या एल्सिनोर मोटारसायकलींच्या घराण्यातलं. ते दोर ओढून सुरू करायचं. मागे जायचा गिअर नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शनिवार-रविवारी हुंदडायला केलेलं हे यंत्र. त्याने चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकावं, अशी ते बनवणाऱ्यांनी अपेक्षा केली असेल असं वाटत नाही. भावाची गाडी १९७९ची. आणली तेव्हा इंजिन जाम होतं आणि पंख्याच्या पत्र्यात उंदराचं जुनं घरटं होतं.

सांगाड्यापासून सुरुवात करू, कारण रसिकाची नजर आधी रंगावर जाते आणि तिथेच फसते. अशा गाड्यांना हल्ली सर्रास पावडर कोटिंग करतात. दिसायला ते देखणं, पण जाड आणि चिवट. आतली नळी तडकली तरी वरचा थर अभंग राहतो आणि तडा झाकून ठेवतो. भावाने साधा रंग मारला, तोही पातळ. नळी तडकली तर रंगावर केसासारखी रेघ उमटेल आणि डोळ्यांना दिसेल. खरचटलं तर ब्रशने रंग लावता येईल. रंगाचा एवढा विचार केलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

आसनामागच्या जोडाजवळ सांगाडा तडकला होता. त्या जागी टॉर्च धरा. तड्याच्या टोकाला त्याने आधी बारीक भोक पाडलं. तडा अणकुचीदार टोकाने पुढे सरकत असतो. गोल भोकात शिरला की ते टोकच उरत नाही आणि ताण विखुरतो. मग तडा कानशीने खोबणीसारखा उघडून तळापासून वेल्ड भरत आणला. शेजारची गंजलेली नळी कापून नवी बसवली, तिचं तोंड माशाच्या जबड्यासारखं घासून, उभ्या नळीच्या गोलाईला मिठी मारेल असं. जोड लावायच्या आधी त्यातून उजेड दिसत नव्हता म्हणे. वेल्डची रेघ माशाच्या खवल्यांसारखी, एका अंतराने, एका उंचीची. हा हात उद्यमनगरातला आहे. कोल्हापुरात त्याच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं आणि कानस धरायला तो सायकल चालवण्याच्या आधी शिकला.

पण माझं मन जिथे अडकलं ती गोष्ट वेगळीच. नवी नळी त्याने मूळ नळीइतक्याच जाडीची घेतली. मी विचारलं, तडकलं होतं तिथे जाड का नाही घातलीस? तो म्हणाला, "दादा, इथे जाड घातली तर पुढच्या वेळी शेजारी तडकेल." अशा सांगाड्याचं बळ त्याच्या लवण्यात असतं. एक जागा ताठ केली की तिथला ताण पुढच्या जोडावर जाऊन बसतो. चांगला रफूगरही कापडापेक्षा जाड धागा घेत नाही; घेतला तर टाका टिकतो आणि त्याच्या कडेने कापड जातं. या गाडीतल्या प्रत्येक निर्णयाची किल्ली मला या एका नळीत मिळाली.

इंजिनाकडे वळलं की ती किल्ली लागू पडते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या पोटात येतं, तिथे दाबलं जातं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. क्रँकच्या टोकांची रबरी सील वाळली की तिथून चोरून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि धरतो. जाम इंजिन पाहून बहुतेक लोक नवा पिस्टन घालतात आणि महिनाभरात पुन्हा तिथेच येतात. भावाने सील बदलली, नंतर इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत सहा पीएसआय हवा भरली आणि काटा हलतो का ते बघत बसला. हलला. साबणाचं पाणी लावत लावत बुडबुडा सापडला तो सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटवर. तेवढ्यासाठी सिलिंडर पुन्हा उतरला.

रिबोअर केलेल्या सिलिंडरमधलं एक काम वरून कधीच दिसणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. भिंत नव्याने कातली की खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग खिडकीवरून जाताना किंचित बाहेर फुगते आणि त्या कडेला ठेचकाळते, कधी तुटतेही. म्हणून प्रत्येक कड हाताने मारायची असते, थोडीशीच, कारण जास्त घासली तर पोर्ट उघडण्याची वेळच बदलते. मी बोट आत घालून पाहिलं होतं. वरची कड, खालची कड, दोन्ही बाजू, सगळीकडे तीच गुळगुळीत उतरण. नदीतल्या गोट्यावरून बोट फिरावं तशी. पोर्टांची उंची त्याने एका केसानेही वाढवली नाही. वाढवली असती तर ताकद मिळाली असती. ती का नको होती, ते पट्ट्यापाशी गेलं की कळतं.

या गाडीचा आत्मा माझ्या मते तिच्या पट्ट्यात आहे. पुण्यात ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली तेव्हा गिअर न बदलता पळणाऱ्या स्कूटरचं जे नवल वाटलं होतं, तेच तत्त्व इथे आहे. दोन पुल्या, मध्ये एक पट्टा. पुढची पुली इंजिनावर. वेग वाढला की तिच्यातली वजनं बाहेर फेकली जातात, तिच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीच्या थाळ्या फाकतात आणि पट्टा तिथे खाली उतरतो. म्हणजे गिअर बदलत राहतो, पण पायऱ्या नाहीत, उतरण आहे. मागच्या पुलीत मळसूत्राच्या वळणाचा एक उतार असतो. चढावर चाकांनी जोर मागितला की तो उतार थाळ्यांना पुन्हा पट्ट्यावर आवळतो आणि गाडी आपण होऊन खालच्या गिअरला येते. चालकाने काहीच करायचं नसतं.

आता त्यातली कारागिरी पाहा. वजनं आणि स्प्रिंग अशा बेताची असावी लागतात की इंजिन ज्या फेऱ्यांना सर्वांत जोमदार असतं तिथेच ते ठेवून पुल्यांनी वेग वाढवत न्यावा. इंजिनाचा स्वभाव बदलला की हा बेत मोडतो. पोर्ट न छेडण्याचं कारण हे. स्प्रिंग मात्र थकली होती, ती बदलली. पण तीन वेगवेगळ्या स्प्रिंगा घालून, वाळूत नेऊन, कानांनी निवडली. पुल्यांच्या थाळ्यांवर रबराचा चकचकीत लेप बसला होता. तो त्याने पॉलिश पेपरने काढला, घासण्याच्या रेघा गोलाकार जातील अशा बेताने. आडव्या रेघा राहिल्या तर त्या पट्ट्याची बाजू खरवडतात. मग दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे पाहायला सरळ कातलेली पट्टी टेकवली. निम्म्या मिलिमीटरचा फरक निघाला. इंजिनाच्या पायाखाली पत्र्याचं पातळ वायसर सरकवून तो घालवला. वायसर त्याने पुसून मला दाखवलं; तिकिटाएवढं होतं.

या सगळ्याचं फळ कानाला मिळतं. सुटताना इंजिनाचा आवाज एकदा वर चढतो आणि तिथेच थांबतो. गाडी वेग घेत राहते, आवाज तोच. तंबोरा एका सुरावर आहे आणि गाणं पुढे चाललंय, असं वाटतं. गिअरच्या गाडीची सवय असलेल्या कानाला आधी हे चुकीचं वाटतं. दुसऱ्या फेरीत मी डोळे मिटून ऐकलं. सूर ढळला नाही.

मागचं सस्पेन्शन ही या गाडीतली खरी सुधारणा. मूळ ओडिसीला मागे सस्पेन्शन नव्हतंच. आस सांगाड्याला पक्की बांधलेली, धक्के झेलायचे ते फुगीर टायरांनी. टायर धक्का झेलतो, पण उसळी शांत करत नाही. चेंडूसारखा परत उडवतो. १९८५च्या एफएल-३५०मध्ये होंडाने स्वतःच मागे सस्पेन्शन दिलं, म्हणजे उणीव त्यांनाही ठाऊक होती. भावाने मागची आस झुलत्या चौकटीवर घेतली. इथे अनेकांचा हात घसरतो, कारण आसेला ताकद साखळीने मिळते. चौकट झुलली की साखळी कधी सैल, कधी ताठ होते. त्याने चौकटीची बिजागरी बरोबर पुढच्या दातेरी चाकाच्या मध्यावर आणली. आता चौकट कितीही वरखाली होवो, दोन दातेरी चाकांतलं अंतर तेच. साखळीला काही कळतच नाही. मी अर्धा तास खाली पडून चौकट हाताने झुलवत साखळीकडे बघत होतो. ती श्वासही घेत नव्हती.

आणि झुलण्याची मर्यादा? पुढच्या चाकांना जेवढी, तेवढीच. लांब शॉक ॲब्सॉर्बर घालता आले असते. मग मागचं टोक उंटासारखं उठलं असतं, गाडीने नाक खुपसलं असतं, पुढचा सांगाडा आज ना उद्या तडकला असता. चाकं फार खाली लोंबू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना नायलॉनच्या पट्ट्या बांधल्या आहेत. शॉक ताणून तुटण्याआधी पट्टी ताण घेते. बाहेरून पाहणाऱ्याला मागे काही बदललंय हे सांगावं लागतं.

आसनाचं रेक्झिन, स्टिअरिंग, पेडल जुनीच. डाव्या पेडलवरचं रबर एका बाजूला झिजलेलं आहे, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. सुरक्षेचे पट्टे मात्र नवे, खांद्यावरून येणारे, सांगाड्याला पोलादी तुकडे जोडून त्यावर आवळलेले. उन्हाने सुकलेल्या पट्ट्याचा तो मुलाहिजा ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. सायलेन्सरच्या टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी आहे. मला एकच गोष्ट खटकली ती म्हणजे नव्या ॲल्युमिनियम रिमांची चकाकी. उरलेली गाडी हळू बोलते आणि त्या तेवढ्या मोठ्याने. मी तसं सांगितलं. तो हसला, नाही म्हणाला नाही.

आम्ही तिला ग्लॅमिसला घेऊन गेलो. मेक्सिकोच्या सरहद्दीजवळचा हा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा सुमारे ६५ किलोमीटर लांब आहे. टेकडीपलीकडची गाडी दिसत नाही, म्हणून प्रत्येक वाहनाला उंच काठीवर झेंडा लावावाच लागतो. लांबून पाहिलं तर वाळूत नुसते झेंडेच पळताना दिसतात. मागे जायचा गिअर नसल्यामुळे ओडिसी चालवणाऱ्याची एक खास चाल असते. चढावर नाक वर करून थांबायचं नाही. जोर संपतोय असं वाटलं की थांबण्याच्या आधीच कमानीसारखं वळून खाली उतरायचं. भावाने तशी वळणं घेतली, एकामागून एक, आणि वाळूवर मोडी अक्षरांसारख्या रेघा उमटल्या. लेखणी न उचलता काढलेल्या.

दुपारी सावलीत गाडी आणल्यावर त्याने इतर कशाकडे न बघता आधी पट्ट्याचं झाकण उघडलं. त्या झाकणात हवा घेणारी नळी त्याने आसनाच्या मागे उंच नेऊन फोमच्या गाळणीतून आणली आहे. झाकणात वाळूचा कण नव्हता. पट्टा त्याने चिमटीत धरून फिरवत फिरवत पाहिला. रबराची काळी धूळ दोन्ही बाजूंना सारखी बसली होती. मग तळवा सिलिंडरच्या पात्यांवर धरून त्याने अंदाज घेतला, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "बस आता, तुझी पाळी."