फाल्गुनरावांची बॅटरी

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याने निदान नाटक पाहिलेलं असावं, अशी एक जुनी समजूत आहे. ती पाळणारे परीक्षक असतीलही. मी त्यांतला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. परवा पनवेलला 'संगीत संशयकल्लोळ'चा हौशी प्रयोग झाला. नांदीपासून पडद्यापर्यंत मी हजर होतो, पण विंगेत, एका लॅपटॉपसमोर. त्यामुळे फाल्गुनरावांचं काम कसं झालं ते मला विचारू नका. फाल्गुनरावांची बॅटरी मात्र शेवटपर्यंत टिकली.

त्याचं असं झालं. पूर्वी नाटक पाहायचं म्हणजे पनवेलकरांना वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाची वाट धरावी लागे. आता गावातच वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. फडके इथल्याच शिरढोणचे, तेव्हा नाव अगदी घरचं आहे. हौशी मंडळांचं बजेट मात्र अजून साध्या हॉलच्या पलीकडे गेलेलं नाही. हा प्रयोगही अशाच एका हॉलमध्ये होता. नाव सांगत नाही, कारण हॉलच्या ट्रस्टचं खातं आमच्या शाखेत आहे.

माझा भाचा मुंबईत मोठमोठ्या कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेवर काम करतो. २०२३ साली वांद्र्याच्या नव्या दोन हजार खुर्च्यांच्या थिएटरात परदेशी संगीतिका येऊ लागल्या, तेव्हापासून त्याच्या डोक्यात बिनतारी माइक शिरलाय. मंडळाला त्याने हौसेने दहा माइक मिळवून दिले, आणि त्या दहांवर नजर ठेवायला एक सॉफ्टवेअर आणलं. नजर ठेवायला मला बसवलं.

"मामा, काही करायचं नाही. लाल झालं की मला खूण करायची."

काही न करता लाल रंगाची वाट बघणं हे काम मी बँकेत बावीस वर्षं केलंय. मी बसलो.

आता मूळ कलाकृतीकडे वळतो. पडद्यावर दहा रकाने. प्रत्येकावर पात्राचं नाव: फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या. नावाखाली तीन पट्ट्या. लहरी नीट पोचताहेत का, आवाज किती येतोय आणि बॅटरी किती उरली. कानाला हेडफोन लावून कुठल्याही रकान्यावर टिचकी मारली की त्या पात्राच्या छातीतलं ऐकू येतं. पात्र रंगमंचावर जायच्या आधीच माइक खरखरतोय का, ते कळतं. चेक पास करण्यापूर्वी सही पडताळतात ना, तसंच. शुअर, सेनहायझर अशा माइकवाल्या कंपन्या स्वतःच असली सॉफ्टवेअरं काढतात.

थोडक्यात, हे सॉफ्टवेअर म्हणजे साक्षात फाल्गुनराव. देवलांनी १९१६ साली त्यांना रंगमंचावर बायकोचा संशय घ्यायला लावलं, हे विंगेत बसून सगळ्यांचाच घेतं. आणि याचा संशय निदान साधार असतो. दोन बिनतारी माइक जवळजवळ आले की भलतंच काही निपजतं. एक ५०० मेगाहर्ट्झवर बोलतोय आणि दुसरा ५०१ वर, तर ४९९ आणि ५०२ वर दोन भुतं उभी राहतात. तिसऱ्या कोणाचा माइक त्या जागी असला की तो बिचारा फुकट बदनाम! कृत्तिका आणि रेवती समोरासमोर आल्यावर काय होतं, हे देवलांना मेगाहर्ट्झशिवाय ठाऊक होतं.

दुसरा शत्रू घाम. माइक कपाळावर पगडीखाली आणि त्याची डबी कमरेला धोतरात. डबीत घाम शिरू नये म्हणून ही मंडळी तिला जे आवरण घालतात ते कुटुंबनियोजन केंद्रात फुकट मिळतं. भाच्याने मेडिकलमधून एकदम दोन डझन आणली, तेव्हा दुकानदाराने आमच्या बहिणीकडे चौकशी केली. संशयकल्लोळ तिथूनच सुरू झाला होता.

माइक अंगावर लपवणं काही आजचं नाही. १९६४ च्या 'माय फेअर लेडी' सिनेमात रेक्स हॅरिसनने टायमध्ये बिनतारी माइक दडवला होता. त्याला आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवायचे नव्हते. त्याच 'पिग्मॅलियन'वरून पु. लं. नी १९७५ साली 'ती फुलराणी' आणली. म्हणजे उच्चार कसे असावेत, याचं नाटक. या माणसांना आवाजाची पर्वा होती, हे मी मुद्दाम सांगतोय. कारण आता माझी तक्रार येते.

प्रयोगाला आमचे अण्णाही होते. वय ब्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं. एके काळी गावातल्या गणेशोत्सवातल्या नाटकांचे ठरलेले प्रॉम्प्टर. त्या काळी तालमीला एक माणूस शेवटच्या रांगेत बसवायचे आणि त्याने हात वर केला की नटाने वाक्य पुन्हा म्हणायचं. गेली सहा वर्षं अण्णा नाटकाला आले नव्हते. "नातवाचं काम आहे," म्हणून यावेळी आले आणि सवयीने शेवटच्याच रांगेत जाऊन बसले.

मध्यंतरात बटाटेवडा घेऊन गेलो, तर ते काठी हातात घेऊन उठायच्या बेतात.

"मला घरी सोड."

"आवाज येत नाही का अण्णा?"

"येतोय की! भरपूर येतोय. पण बोलतंय कोण? अश्विनशेठ तोंड हलवतो आणि ही भिंत बोलते. मला भिंतीशी काय बोलायचंय?"

पुढे हळूच म्हणाले, "जाऊ दे. माझेच कान गेलेत."

मी तसाच विंगेत आलो. पडद्यावर दहाच्या दहा रकाने हिरवेगार. आमच्या बँकेत असं कधी कधी होतं. वह्या पैशापर्यंत जुळलेल्या असतात आणि काउंटरपलीकडे म्हातारा रिकाम्या हाताने उभा असतो. वही जुळली की म्हाताऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार, असं आपण धरून चालतो. वाईट याचं वाटतं, की म्हाताराही तसंच धरून चालतो.

भाच्याला सांगितलं. तो बॅटऱ्या बदलत होता. थांबला.

"मामा, माझंच चुकलं. मागच्या भिंतीवरचे स्पीकर आजोबांच्या डोक्याशी आहेत. स्पीकरचा आवाज तारेतून येतो, तत्काळ. नटाचा येतो पायी."

हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. वीस मीटरच्या हॉलमध्ये नटाचा आवाज सेकंदाच्या सतराव्या भागाइतका उशिरा पोचतो. आणि कानाचा नियम असा, की जो आवाज आधी आला तो खरा. मागून आलेला थोडा मोठा असला, तरी कान पहिल्याच्याच दिशेला माणूस उभा करतो. म्हणून स्पीकरला टोकन देऊन थोडं थांबवायचं, म्हणजे नट आधी पोचतो. हे सगळं भाच्याला पाठ होतं. पण त्याची संध्याकाळ पडद्यावर जे दिसतं त्यातच गेली होती, आणि शेवटची रांग पडद्यावर दिसत नव्हती.

हीच माझी टीका. सॉफ्टवेअर उत्तम आहे. आवाज निघाला की नाही, हे ते चोख सांगतं. पण तो कोणाला पोचला, हा रकानाच त्यात नाही. आणि रकाना नसला की काळजी करायची राहून जाते. हे मी कारकून म्हणून अधिकाराने सांगतो.

भाच्याने मागचे स्पीकर थांबवले, थोडे उतरवले. मग एक जादा माइक घेऊन धावत गेला आणि अण्णांच्या शर्टाला अडकवला. "आजोबा, हा हॉलमध्ये वाजणार नाही. फक्त मामाला ऐकू येईल. कळलं नाही तर सांगा." पडद्यावर अकरावा रकाना उमटला. त्यावर त्याने नाव घातलं: अण्णा.

मी हेडफोन लावून टिचकी मारली. आधी वड्याचा कागद. मग दोन खाकरे. हात वर करायची सवय, त्यामुळे बोलायचं सुचत नसावं, असं मला वाटलं. फाल्गुनराव रंगमंचावर गेले. आणि हेडफोनमध्ये अगदी बारीक आवाजात अण्णांनी त्यांचं वाक्य म्हटलं. फाल्गुनरावांच्या अर्धं वाक्य आधी!

पुढचा सगळा वेळ ते प्रॉम्प्टिंग करत होते. कुठेही अडले नाहीत. रंगमंचावरचे फाल्गुनराव दोनदा अडले.

प्रयोग संपल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, कोणाचा रकाना लाल झाला का?"

म्हटलं, "नाही. पण अकराव्याची बॅटरी अजून बरीच शिल्लक आहे. पुढच्या प्रयोगाला तो आधी लाव."