सोंग आणि दाखला

नोव्हेंबर महिना आला म्हणजे निवृत्तिवेतनाचे काम पाहणाऱ्या कारकुनाला वार्धक्याचे दर्शन घेण्यासाठी कोठे जावे लागत नाही. ते आपल्या पायांनी चालत त्याच्या मेजापाशी येते. हयातीचा दाखला २०१४ पासून यंत्रावर बोट टेकवून आणि २०२१ पासून नुसता मोबाइलसमोर चेहरा धरूनही देता येतो. तथापि पुष्कळ वृद्धांना समक्ष आल्याशिवाय आपण जिवंत असल्याची खात्री पटत नाही, असे दिसते. जयपुरातील आमच्या कार्यालयात या महिन्यात त्यांची रीघ लागते.

आमचे एक सहकारी हौशी छायाचित्रकार आहेत. या दिवसांत त्यांची दृष्टी निराळी असते. आम्ही जन्मतारीख पाहतो, ते सुरकुत्या पाहतात. सरकारच्या लेखी ऐंशी वर्षे पुरी झाली की मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्क्यांची भर पडते. त्यांच्या लेखी पांढरी दाढी छातीपर्यंत पोहोचली की माणसाचे मोल वाढते. बाकावर बसलेल्या एखाद्या आजोबांना ते अदबीने नमस्कार करतात, चहा पाजतात आणि रविवारी फोटोसाठी बसाल का, म्हणून विचारतात. दहांपैकी आठ जण नकार देतात. उरलेले दोघे नव्या कोटात, दाढी करून हजर होतात आणि बिचाऱ्यांचा रविवार वाया जातो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मंडळाने येथील एका सभागृहात वृद्धांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. तंत्राच्या दृष्टीने त्यातील बहुतेक चित्रे निर्दोष होती. काळी पार्श्वभूमी, एका बाजूने आलेला प्रकाश, काठीवर टेकलेला हात, डोक्याला साफा आणि कपाळावर नांगरटीसारख्या रेषा. पाच चित्रे पाहून झाल्यावर मात्र सहावे पाहण्यापूर्वीच दिसू लागले. स्त्रिया अवघ्या तीन होत्या. हसणारे कोणीच नव्हते. आणि ज्या वस्तूंच्या आधारावर आजचे म्हातारपण प्रत्यक्षात उभे असते, तो चष्मा, ती कवळी, ते श्रवणयंत्र, तो सुनेने विणलेला स्वेटर, यांपैकी एकही वस्तू चाळीसेक चित्रांत कोठे आढळली नाही. ज्यात म्हातारे पुष्कळ होते पण म्हातारपण नव्हते, अशा प्रदर्शनाविषयी काही विचार मांडणे अस्थानी होणार नाही.

प्रथम प्रश्न असा की, या कलेला खरेच म्हातारे माणूस का लागते? रंगभूमीला ते लागत नाही. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. परंतु त्यांच्या गणपतराव बेलवलकरांचे वय कोणी विचारले नाही. तेथे अंतर असते, दिव्यांचा प्रकाश असतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाज व चाल असते. छायाचित्राला यांपैकी काहीच साह्य नाही. एक क्षण आणि एक पृष्ठभाग एवढेच त्याचे भांडवल. चिकटवलेली दाढी भिंगाला तत्काळ कळते. म्हणून छायाचित्रकाराला खरी त्वचा हवी असते आणि म्हणूनच तो म्हाताऱ्यांच्या शोधात भटकतो. परंतु खरी त्वचा मिळाली म्हणजे खरा माणूस मिळाला, अशी त्याची समजूत होते, आणि घोटाळा येथेच सुरू होतो.

या शोधाचा एक जुना आणि बोधप्रद दाखला आहे. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर, मुलीने व जावयाने भेट दिलेला कॅमेरा आला. मोठ्या काचेवर ओले रसायन पसरून चित्र घ्यावयाचे, आणि तोवर बसणाऱ्याने कित्येक मिनिटे निश्चल राहावयाचे, असा तो काळ होता. बाईंनी आपले म्हातारे घरातून, ओळखीतून आणि रस्त्यावरून गोळा केले. कविमित्र सर हेन्री टेलर यांच्या शुभ्र दाढीवर त्यांनी कधी प्रॉस्पेरो, तर कधी राजा डेव्हिड उभा केला. टेनिसनच्या आर्थर-काव्यांसाठी चित्रे काढताना राजा आर्थर सापडला तो जवळच्या यार्मथच्या धक्क्यावरील एका हमालात. जादूगार मर्लिन तर घरातच होता. बाईंचे पती चार्ल्स हे आपल्यासारखेच परमुलखात नोकरी केलेले गृहस्थ. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाचे ते सदस्य होते, आणि त्या आयोगाने मसुदा केलेली दंडसंहिता या देशात २०२४ पर्यंत चालली. १८७४ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, हे वयोवृद्ध कायदेपंडित झगा घालून मर्लिन म्हणून बसले आणि त्यांना वारंवार हसू फुटल्याने काचा वाया गेल्या, अशी आठवण सांगितली जाते.

हे हसू मला फार मोलाचे वाटते. त्यावरून कळते की, बसणारा खेळात सामील होता. मर्लिनच्या चित्राखाली मर्लिनचे नाव आहे. हा खराच जादूगार आहे असा दावा कोणी केलेला नाही. वेषांतर हा या कलेतील दोष नव्हे. बहुरूप्याच्या देशात तो दोष कसा ठरावा? सोंग हे सोंग म्हणून समोर आले की बसणाऱ्याचे काही हिरावले जात नाही. उलट हमालाला घटकाभर राजपद मिळते.

सोंगाशिवाय काढलेली चित्रे पाहावयाची असतील तर याच बाईंनी १८६७ साली काढलेले सर जॉन हर्शेल यांचे चित्र पाहावे. पंचाहत्तर वर्षांच्या या ज्योतिर्विदाला त्यांनी आपल्या घरी बोलावले नाही. सारे अवजड सामान घेऊन त्या त्यांच्या घरी गेल्या. दोघांची ओळख तीस वर्षांची होती. चांदीच्या क्षारांना विरघळवणाऱ्या ज्या ‘हायपो’मुळे छायाचित्र टिकाऊ झाले, त्याचा हा गुण १८१९ सालीच हर्शेल यांनी दाखवून दिला होता. चित्रात अंधारातून वर आलेले मस्तक आहे, विस्कटलेले पांढरे केस आहेत, आणि थकलेले पण जागे डोळे आहेत. सुरकुत्या आहेतच, परंतु त्या मोजाव्याशा वाटत नाहीत. पाहणाऱ्याचे लक्ष डोळ्यांवरून ढळत नाही, आणि रेषांची किंचित अस्पष्टताही त्याला साह्यच करते. काढणारीला आपण कोणाला पाहत आहोत हे ठाऊक होते. ते चित्रात उतरले आहे.

याच सुमारास आपल्याकडे नेमके उलट काम चालू होते. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ सरकारी आश्रयाने निघाला. त्यातील कित्येक चेहरे विलक्षण बोलके आहेत. परंतु खाली बहुधा माणसाचे नाव नाही, जातीचे वा जमातीचे आहे, आणि शेजारच्या मजकुरात ती राज्यकर्त्यांना कितपत विश्वासार्ह याची नोंद आहे. येथे माणूस नमुना झाला. सोंग कोणीच घेतलेले नसूनही ही चित्रे मर्लिनच्या चित्राहून खोटी आहेत, कारण ती दाखला म्हणून पुढे येतात आणि दाखला ज्याचा, तोच त्यातून वगळलेला असतो.

आमच्या येथील प्रदर्शनाचे नाते मर्लिनपेक्षा या खंडांशी जवळचे आहे, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते. पुष्करच्या कार्तिकी जत्रेत भरघोस मिशांचे वृद्ध पैसे घेऊन फोटोसाठी उभे राहतात, याबद्दल पुष्कळांना विषाद वाटतो. मला तो वाटत नाही. मिशी हे त्यांचे भांडवल आहे आणि आपण काय विकतो हे त्यांना पक्के कळते. फसवणूक होते ती पुढे, चौकटीखाली चिठ्ठी लावताना.

हे मी तटस्थपणे लिहितो आहे असा वाचकांचा समज होऊ नये. त्या प्रदर्शनात पारितोषिक मिळालेले एक चित्र माझ्या वडिलांचे होते. अण्णा वाई तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई गेल्यापासून थंडीचे चार महिने आमच्याकडे असतात. सहकाऱ्यांना म्हातारा मिळत नव्हता. गळ मीच घातली. अण्णांनी धुतलेली टोपी घातली, चष्मा पुसला आणि ते निघाले. तेथे भिंगात चमक येते म्हणून चष्मा काढण्यात आला, टोपीच्या जागी साफा बांधला गेला, हाती काठी आली. दोन तास ते सांगितल्याप्रमाणे मान वळवत राहिले. मी शेजारी प्रकाश परतवणारा पांढरा पत्रा धरून उभा होतो आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

प्रदर्शनात चित्राखाली लिहिले होते : ‘मरुभूमीचा पुत्र’. अण्णा बराच वेळ समोर उभे राहिले. मग म्हणाले, “छान आलाय. कुठला रे हा?”

मी उत्तर दिले नाही. घरी आल्यावर आईचा एकमेव बरा फोटो पेटीतून काढून पाहिला. अण्णांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी तालुक्याच्या गावी दोघांचा मिळून काढलेला तो फोटो. प्रकाश सपाट, मागचा पडदा चुरगळलेला, दोघेही ताठ. कलेच्या कसोटीवर तो उभा राहणार नाही, आणि केवळ खरा आहे म्हणून त्याला हर्शेलच्या चित्राशेजारी बसवण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. परंतु आईने अण्णांच्या बाहीवरचा खडूचा डाग झाकण्यासाठी हात किंचित पुढे आणला आहे, तो त्यात दिसतो. आमच्या सहकाऱ्यांच्या महागड्या भिंगाने दोन तासांत असे काही टिपले नाही. कारण त्यांनी अण्णांना एकच गोष्ट विचारली, मान थोडी डावीकडे होईल का.

म्हणून हौशी मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की, म्हातारा शोधावा, अवश्य शोधावा. त्याला साफा बांधावा, हवा तर मुकुटही घालावा. मात्र सोंग असेल तर चित्राखाली सोंगाचे नाव द्यावे, आणि दाखला असेल तर माणसाचे. दाखला काढावयाचा तर चष्मा त्याच्या नाकावर राहू द्यावा आणि कळ दाबण्यापूर्वी अर्धा तास त्याच्याशी बोलत बसावे. म्हाताऱ्यांपाशी बोलण्यासारखे पुष्कळ असते. दाढी नसलेल्यांपाशीही असते.

सहकाऱ्यांनी त्या चित्राची एक प्रत अण्णांना भेट दिली. ते सज्जन आहेत; माझे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण पटलेले दिसत नाही. अण्णांनी ती प्रत गावी नेली. नेण्यापूर्वी पाठीमागे आपल्या वळणदार शाळामास्तरी अक्षरात पूर्ण नाव, गाव, वय आणि ‘निवृत्त प्राथमिक शिक्षक’ असे लिहिले, खाली तारीख घातली, सही केली, आणि मग क्षणभर थांबून आणखी दोन शब्द जोडले : ‘साफा उसना.’