पुरावा आणि साक्ष : ‘कमला’ नाटकातील दांभिकतेचे स्वरूप

१

उक्ती आणि कृती यांतील अंतर म्हणजे दांभिकता, ही व्याख्या नीतिविचाराला पुरेशी असली तरी समाजव्यवहाराच्या आकलनासाठी ती तोकडी पडते. व्यक्तीने एक बोलावे आणि दुसरे करावे, हा तिच्या चारित्र्याचा दोष ठरतो. आणि दोष म्हटला की तो सुधारता येतो, निदान उघडकीला तरी आणता येतो. परंतु दंभस्फोट हाच जेथे प्रतिष्ठेचा व्यवसाय होऊन बसतो, तेथे या व्याख्येचा उपयोग उरत नाही. तेथे खरे बोलणारा मनुष्यही दंभाच्या रचनेत सामील असू शकतो. विजय तेंडुलकर यांच्या ‘कमला’ (१९८१) या नाटकाचे महत्त्व हा पेच रंगभूमीवर आणण्यात आहे.

नाटकाला आधार झालेली घटना सर्वपरिचित आहे. १९८१ च्या एप्रिल महिन्यात ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातील शिवपुरीजवळच्या एका खेड्यातील स्त्री २,३०० रुपयांना विकत घेतली आणि स्त्रियांची राजरोस खरेदी-विक्री चालते हे त्या व्यवहारानेच सिद्ध करून दाखविले. त्याच वर्षी ‘कमला’ रंगमंचावर आले. नाटकातील पत्रकार जयसिंग जाधव तेव्हाच्या बिहारमधील, आज झारखंडात असलेल्या, लोहारदगा भागातील बाजारातून एक आदिवासी स्त्री विकत घेऊन दिल्लीच्या आपल्या घरी आणतो. नाटककाराने किंमत २५० रुपयांवर आणली आहे. या रकमेत बैलही येत नाही, हे जयसिंगच नवलाने सांगतो.

‘कमला’ची दोन वाचने रूढ आहेत. सनसनाटी पत्रकारितेवरील टीका म्हणून ते पाहिले जाते, किंवा विवाहसंस्थेतील स्त्रीच्या दास्याचे नाटक म्हणून. दोन्ही वाचनांना संहितेत आधार आहे. मात्र पहिल्या वाचनाच्या केंद्रस्थानी जयसिंग राहतो आणि दुसऱ्याच्या केंद्रस्थानी त्याची पत्नी सरिता. जिच्या नावाने नाटक ओळखले जाते ती स्त्री दोन्हींत निमित्तमात्र ठरते. हे तिचे निमित्तमात्र असणेच तपासून पाहावयास हवे. त्यासाठी पुरावा आणि साक्ष असा एक भेद उपयोगी पडेल. कायद्याच्या परिभाषेत तोंडी साक्ष हाही पुराव्याचाच एक प्रकार होय. येथे हे शब्द व्यवहारातील अर्थाने घेतले आहेत. पुरावा दाखवावयाचा असतो, साक्ष ऐकावयाची असते. पुराव्याला स्वतःचे म्हणणे नसते आणि तो प्रश्न करीत नाही. ग्रामीण स्त्रीविषयीची आपल्या सार्वजनिक जीवनातील दांभिकता या दोहोंच्या अदलाबदलीत आहे. तिची स्थिती पुरावा म्हणून सर्वांना हवी असते. तिची साक्ष मात्र कोणालाच सोयीची नसते.

२

जयसिंग खोटारडा नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. स्त्रिया विकल्या जातात हे त्याचे म्हणणे खरे आहे, त्यासाठी त्याने धोका पत्करलेला आहे, आणि शेवटी त्याची नोकरीही जाते. तो ढोंगी असता तर नाटक प्रहसनाच्या पातळीवर उतरले असते. त्याची दांभिकता त्याच्या कार्यपद्धतीत आहे. कमलाने अंघोळ करू नये, तिच्या अंगावरचे फाटके लुगडे बदलले जाऊ नये, असा त्याचा आग्रह असतो. घरातले चांगले वस्त्र तिला द्यावे असे सरिताला वाटते. ते वस्त्र तिच्या अंगावर आले तर पुरावा डागाळेल, ही जयसिंगची अडचण असते. गुलामीचा निषेध करावयाचा तर गुलामीची खूण शाबूत राखली पाहिजे, असा हा तर्क आहे. मळ हा येथे दस्तऐवज बनतो.

पत्रकार परिषद नाटककाराने रंगमंचावर दाखविलेली नाही. जयसिंग आणि त्याचा मित्र जैन मद्याच्या धुंदीत घरी परततात आणि तेथे काय घडले ते हसत हसत सांगतात. कमलाला तिच्या शरीरसंबंधांविषयी विचारलेले प्रश्न, तिची गोंधळलेली उत्तरे, त्यावर पिकलेला हशा, हे सारे प्रेक्षकाला या दोघांच्या तोंडून कळते. या योजनेमागे केवळ रंगमंचीय सोय नाही. प्रसंग प्रत्यक्ष दाखविला असता तर त्या पत्रकारांच्या रांगेत प्रेक्षकही जाऊन बसला असता आणि कमला दुसऱ्यांदा प्रदर्शनाची वस्तू झाली असती. कथनातून प्रसंग आल्यामुळे नजर कमलावर न राहता सांगणाऱ्यांवर राहते. त्या परिषदेत कमलाला असंख्य प्रश्न विचारले गेले, परंतु त्यांतील एकही तिचे म्हणणे जाणून घेण्यासाठी नव्हता.

या हसण्याने अस्वस्थ होतात ते काकासाहेब. सरिताचे हे काका देशी भाषेतले छोटे वृत्तपत्र चालविणारे, जुन्या वळणाचे संपादक आहेत. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्या भाषेत लिहावे, ही त्यांची भूमिका इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीच्या झगमगाटावर नेमके बोट ठेवते, आणि नाटकातील विवेकाचा स्वर म्हणून प्रेक्षक त्यांच्याकडे पाहू लागतो. तेंडुलकर या विश्वासालाही धक्का देतात. सरिता आपल्या दास्याबद्दल बोलू लागते तेव्हा हेच काकासाहेब पुरुषाची जातच अशी, आपणही पत्नीशी असेच वागलो, जग असेच चालते, असे तिला समजावतात. कबुलीत प्रामाणिकपणा आहे. तथापि तिचा उपयोग समोरच्या स्त्रीला गप्प बसविण्यासाठी होतो. कबूल केलेला अन्याय अधिक सुरक्षित असतो, हे दंभाचे एक सूक्ष्म रूप येथे प्रत्ययाला येते. जैन तर गमतीने सरिताला वेठबिगार म्हणतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट झाल्याचे जाहीर झाले होते. पाच वर्षांनी तो शब्द दिल्लीच्या दिवाणखान्यात थट्टेचा विषय होतो आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही.

३

या नाटकात कमला साक्षीदार होते ती एकाच प्रसंगी, आणि तेथे पुरुष उपस्थित नसतात. मालकाने तुला कितीला विकत घेतले, असे ती सरिताला विचारते. सरिता क्षणभर गोंधळते आणि सातशे रुपये असा आकडा सांगून मोकळी होते. मग कमला दोघींनी एकत्र कसे राहावे याची व्यवस्था मांडते : कामाची वाटणी, महिन्यातील रात्रींची वाटणी. तिच्या बोलण्यात तक्रार नाही, उपरोध नाही, बंडखोरीचा तर लवलेशही नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या जगाच्या नियमाने ती समोरचे जग वाचते, आणि ते वाचन अचूक ठरते.

या प्रश्नाचे सामर्थ्य त्याच्या निरागसतेत आहे असे सामान्यतः म्हटले जाते. ते पुरेसे नाही. खेड्यातील स्त्रीला निरागस ठरविणे ही तिला ज्ञानापासून वंचित ठेवण्याचीच एक सभ्य रीत आहे. कमलाजवळ अनुभवाचे पक्के ज्ञान आहे. खरेदीचे नियम, धन्याचे हक्क, दोन स्त्रियांनी एका घरात निभावून नेण्याची युक्ती, हे ती जाणते. दिल्लीतील सुशिक्षितांना जे विवेचन करून सांगावे लागते ते तिला व्यवहार म्हणून माहीत आहे.

मात्र येथेच संहितेची मर्यादाही स्पष्ट होते. प्रश्न विचारून झाल्यावर कमलाचे नाटकातील काम संपते. सरिता तिला ठेवून घेऊ पाहते; पोलिसांचा ससेमिरा टाळण्यासाठी जयसिंग तिची रवानगी संस्थेत करतो; आणि उरलेले नाटक सरिताच्या जागृतीचे होते. आदिवासी स्त्रीच्या वेदनेतून मध्यमवर्गीय स्त्रीला आत्मभान येते आणि मग ती वेदना मागे पडते. जयसिंगने कमलाला समाजासमोर पुरावा म्हणून वापरले. नाटकाने तिला सरितासमोर पुरावा म्हणून वापरले, असा आक्षेप घेतला तर त्याला सहजासहजी उत्तर देता येणार नाही. ‘दोघीही गुलामच’ हे समीकरण टाळ्या मिळविणारे आहे. पण सरिताला काकासाहेब आहेत, माहेर आहे, भाषा आहे. कमलाजवळ यांपैकी काहीच नाही. समान दास्याच्या घोषणेत जात आणि वर्ग यांचे अंतर बुजून जाते.

संहितेतील एक तपशील या दृष्टीने बोलका आहे. सरिताच्या घरातील मोलकरणीचे नावही कमलाबाईच आहे. म्हणजे विकत आणलेली कमला येण्यापूर्वीच एक कमला त्या घरात राबत होती. तिला कोणी काही विचारीत नाही, आणि सरिताला स्वतःच्या दास्याचा साक्षात्कार होतो तेव्हाही या दुसऱ्या कमलेपर्यंत तो पोहोचत नाही. नामसाम्य नाटककाराने हेतुपूर्वक योजले असो वा नसो, नाटकाच्या पोटात ते एक अनुत्तरित प्रश्न ठेवून जाते.

सरिता अखेरीस स्वतः पत्रकार परिषद घेऊन नवऱ्याचा मुखवटा उतरविण्याचा विचार करते. मुक्तीची कल्पनासुद्धा तिला नवऱ्याच्याच हत्याराच्या रूपात सुचते. तरी फरक महत्त्वाचा आहे : त्या परिषदेत ती पुरावा नसेल, बोलणारी असेल. नोकरी गमावून खचलेल्या जयसिंगकडे पाहून ती हा विचार पुढे ढकलते, सोडून देत नाही. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील (१९६७) बेणारे दीर्घ स्वगत बोलते तेव्हा भोवतालची सारी माणसे निश्चल झालेली असतात. तिची साक्ष न्यायालयाच्या दप्तरात जात नाही. चौदा वर्षांनंतरच्या ‘कमला’तही स्त्रीची साक्ष नोंदली जात नाही, पुढच्या तारखेवर जाते. दोन्ही नाटकांना जोडणारा हा धागा आहे.

४

नाटकातील हा व्यूह नाटकापुरता नाही, याची साक्ष त्याच काळातील न्यायालयीन इतिहास देतो. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना मुक्त केले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या आणि तिला पूर्वी शरीरसंबंधाचा अनुभव होता, या बाबींना निकालात निर्णायक वजन मिळाले. संमती नव्हती असे ती सांगत होती. न्यायालय तिचे शरीर वाचत होते. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, ‘माझी संमती नव्हती’ हे स्त्रीचे न्यायालयातील विधान ग्राह्य मानूनच न्यायालयाने पुढे जावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम राहिली. शरीराच्या पुराव्याकडून शब्दाच्या साक्षीकडे कायद्याने टाकलेले हे पाऊल होते. ज्या मुलीमुळे ते पडले तिच्या खटल्याचा निकाल मात्र तोच राहिला.

राजकारणातील दंभ याहून सौम्य भाषेत बोलतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या; महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. या निर्णयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण खेड्यातील स्त्रीला जे तत्परतेने देता आले ते संसदेला स्वतःच्या बाबतीत जड गेले. लोकसभा आणि विधानसभांतील आरक्षणाचे विधेयक १९९६ मध्ये प्रथम मांडले गेले आणि २०२३ मध्ये संमत झाले. संमत होतानाही त्याचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्यावर सोपविला गेला. दुसरीकडे ‘सरपंचपती’ हा शब्द मराठी व्यवहारात इतका रुळला की त्यातील विसंगती कानाला खटकेनाशी झाली. सही तिची, बोलणे त्याचे. समानतेचा पुरावा म्हणून खुर्चीवर ती दिसते. ग्रामसभेत साक्ष द्यावयास तिचा नवरा उभा राहतो. या व्यवस्थेला छेद देऊन गावाचा कारभार स्वतः चालविणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांच्या यशाचे गोडवे गाणाऱ्या समारंभांत त्यांना सत्कारासाठी बोलावले जाते. निर्णयाच्या बैठकीला बोलावणे येतेच असे नाही.

‘कमला’चे मोल ठरविताना तिच्या मर्यादांसह ही पार्श्वभूमी समोर ठेवावयास हवी. हे नाटक दंभावर उपाय सुचवीत नाही. दंभस्फोट करणाऱ्याला, त्याला नावे ठेवणाऱ्या सज्जनाला आणि अंधारात बसून दोघांना पाहणाऱ्या प्रेक्षकालाही ते एकाच पंक्तीला बसविते. समीक्षेलाही त्या पंक्तीतून उठून जाता येत नाही. ग्रामीण वा आदिवासी स्त्री हा अभ्यासविषय झाल्यापासून प्रबंधांची आणि परिसंवादांची संख्या वाढली. त्यांत तिचे दुःख उदाहरण म्हणून येते, तिचा युक्तिवाद मात्र क्वचितच सिद्धान्त म्हणून स्वीकारला जातो. कमलाने विचारलेला प्रश्न हा एक सिद्धान्तच होता : मालकी आणि विवाह यांच्या संबंधाविषयीचा, स्वतःच्या अनुभवाने पारखलेला. तो भाबडेपणा म्हणून नोंदवावयाचा की विचार म्हणून, यावर ती पुरावा ठरते की साक्षीदार, हे अवलंबून राहते; आणि ही नोंद करणारे हात बहुतेक वेळा जयसिंगच्याच वर्गातले असतात.