मुके रुग्ण, जागते वैद्य आणि आपलें वाङ्मय

मराठी वाङ्मयास भूतदयेचा मोठा वारसा लाभला आहे, असें आपण अभिमानानें सांगत असतों. आणि तो अभिमान पोकळ आहे असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. एकट्या पैठण क्षेत्राचें नांव घेतलें तरी दोन कथा ताबडतोब आठवतात. ज्ञानदेवांनीं रेड्याच्या मुखानें वेद वदविले ही एक. आणि काशीहून रामेश्वरास नेण्यासाठीं घेतलेलें गंगोदक एकनाथांनीं वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत घातलें, ही दुसरी. त्यांच्या जोडीस लीळाचरित्रांतील, चक्रधरांच्या आश्रयास आलेल्या सशाची गोष्ट ठेवावी. ज्या भाषेच्या बालपणापासून अशा कथा सांगितल्या गेल्या, त्या भाषेचें मन पशूंविषयीं कठोर असेल असें कोण म्हणेल?

तथापि या तिन्ही कथा पुन्हा एकदां सावकाश आठवून पाहाव्या, अशी आमची वाचकांस विनंति आहे. रेडा वेद बोलला, आणि ज्ञानदेवांची थोरवी सिद्ध झाली. गाढव पाणी प्यालें, आणि एकनाथांची समदृष्टि सिद्ध झाली. ससा वांचला, आणि चक्रधरांचें अभयदान सिद्ध झालें. प्रत्येक ठिकाणीं पशु हा थोर पुरुषाच्या अंतःकरणाची ओळख पटविण्यापुरता आलेला पाहुणा आहे. करुणेचा तो एक क्षण उजळला कीं कथेचें काम संपतें. त्या क्षणानंतर जी रात्र येते, त्या रात्रीं दुखणाईत जनावराजवळ कोण बसतें, हा प्रश्न या कथांनीं विचारला नाहीं याबद्दल त्यांस दोष देतां येणार नाहीं. तो त्यांचा विषयच नव्हता. परंतु पुढें आलेल्या गद्य वाङ्मयानेंहि तो विचारूं नये, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे.

पैठणच्याच जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत, कन्नड तालुक्यामध्यें देवगांव रंगारी हें गांव आहे. त्या गांवांतील, किंवा त्याच्यासारख्या कोणत्याहि गांवांतील, एक रात्र डोळ्यांपुढें आणावी. आदल्या दिवशीं व्यालेली दुभती गाय तिन्हीसांजेपासून उठत नाहीं. मान वळवून तिनें कुशीवर टेकली आहे. कान गार पडले आहेत. नाकपुडी कोरडी आहे. घरांतील वडील माणसें दृष्ट काढण्याचें बोलूं लागलीं आहेत. या विकारास दुग्धज्वर असें नांव आहे, पण तें नांव फसवें आहे. कारण ज्वर नसतोच, उलट अंग थंड पडत जातें. दूध उतरतांना रक्तांतील चुन्याचा अंश एकाएकीं कमी झाल्यामुळें स्नायूंचें बळच हरपलेलें असतें. उपाय ठाऊक आहे, आणि तो पाहणारास चमत्कार वाटावा असा आहे. कॅल्शियमचें औषध मानेच्या शिरेंतून द्यावयाचें, इतकेंच. परंतु तें अगदीं सावकाश द्यावें लागतें. घाई केली तर ज्या औषधानें गाय उठावयाची त्याच औषधानें तिचें हृदय बंद पडतें. म्हणून कोणी तरी बाटली धरून उभा असतो, आणि वैद्य गाईच्या छातीस नळी लावून, उकिडवा बसून, ठोके ऐकत असतो. मालकास वाटतें, बाटली लौकर संपावी. वैद्यास ठाऊक असतें, लौकर संपली तर गाय संपेल. मग गाय ढेकर देते, तिचें अंग थरथरतें, ती शेण टाकते, आणि पुष्कळदां त्याच रात्रीं पायांवर उभी राहते.

दुसरी रात्र अडलेल्या म्हशीची. पाय दिसत आहेत, डोकें दिसत नाहीं. जमलेल्या चार माणसांचा पहिला विचार दोरी बांधून ओढण्याचा असतो. वैद्याचा नियम याच्या अगदीं उलट आहे: कळ ओसरली कीं रेडकूं आधीं मागें ढकलावयाचें, मागें वळलेली मान चांचपून सरळ करावयाची, आणि मग कळेबरोबर, कळेच्या वेगानेंच, तें बाहेर घ्यावयाचें. हात खांद्यापर्यंत आंत गेलेला असतो. प्रत्येक कळेसरशी तो दाबला जाऊन बधिर होतो. आणि जें पाहावयाचें तें सारें बोटांनींच पाहावयाचें असतें. रेडकूं मेलेलें असेल आणि वाट मिळत नसेल, तर तें आंतल्या आंत कापून काढावें लागतें. तेव्हां कोठें आई वांचते. या कामास करुणा म्हणावयाचें कीं नाहीं? आमच्या मतें म्हणावयाचें. पण हें म्हणण्यास लागणारी भाषा आमच्या वाङ्मयानें अद्याप घडविलेली नाहीं.

मुंबईसारख्या नगरांत या कामास इमारती आहेत. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय एकोणिसाव्या शतकांतलें. त्याच्याच आश्रयानें १८८६ मध्यें मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. महालक्ष्मी येथें २०२४ मध्यें टाटा न्यासाचें लहान प्राण्यांचें रुग्णालय उघडलें असून तेथें चोवीस तास उपचार मिळतात. खेड्यांसाठीं १९६२ या क्रमांकावर हांक मारली असतां येणारीं फिरतीं पथकें निघालीं आहेत. परंतु देवगांवच्या गोठ्यांतील रात्रीचें रुग्णालय म्हणजे अद्यापहि बहुधा एक पिशवी, एक विजेरी, गरम पाण्याची एक बादली आणि जागीं असलेलीं चार माणसें, एवढेंच असतें. त्यांत पशुधन विकास अधिकारी ही पाटी मिरविणारा वैद्य असेल, पर्यवेक्षक असेल, दावें धरणारा परिचर असेल. आणि त्या गाईस तिच्या नांवानें हांक मारून शांत ठेवणारी घरची बाई तर असतेच असते.

आतां या माणसांचें आमच्या वाङ्मयांत काय झालें तें पाहूं. प्राचीनांनीं या विद्येची उपेक्षा केली असें म्हणतां येत नाहीं. अश्वांसाठीं शालिहोत्राचें नांव प्रसिद्ध आहे. हत्तींसाठीं पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. परंतु राजाच्या सेनेंत ज्यांस मोल होतें त्या पशूंचा तो गौरव होता. महाभारतांतील एक प्रसंग आम्हांस याहून अधिक बोलका वाटतो. अज्ञातवासांत नकुल हा ग्रंथिक या नांवानें विराटाचे घोडे सांभाळतो, आणि सहदेव तंतिपाल होऊन गाई राखतो. दोघांनाहि ती विद्या खरोखरच येत होती. तरीहि तिचा उपयोग कथेनें केला तो वेषांतरासाठीं. राजपुत्रांस लपावयाचें असेल तर कोठें लपावें? जेथें कोणी निरखून पाहणार नाहीं तेथें. म्हणजे पागेंत आणि गोठ्यांत! दोन सहस्रांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी ही जागा लपण्यास तितकीच सोयीची राहिली आहे.

अर्वाचीन काळांत महात्मा फुले यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जनावरांच्या हालांकडे डोळे उघडून पाहिलें. गायरानें गेल्यानें गुरें कशीं खंगतात, हा त्यांच्या दृष्टीनें हळहळण्याचा नव्हे, तर हिशेबाचा प्रश्न होता. ही दृष्टि पुढें रुजावयास हवी होती. परंतु आमच्या ग्रामीण कथेंत बैल येतो तो बहुधा धन्याच्या दैन्याची खूण म्हणून. बैल विकला, म्हणजे घर बुडालें. बैल मेला, म्हणजे धनी खचला. वाचकाचे डोळे पाणावतात ते धन्यासाठीं. बैलाच्या पोटांत काय दुखत होतें, तें कोणी पाहिलें, आणि काय केलें असतां तो वांचता, याची वार्ताहि लागत नाहीं. विनोदाकडे वळावें, तर पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' या कथेंत एस्.टी.च्या धक्क्यानें आडवी झालेली म्हैस हें निमित्त होतें, आणि तिच्याभोंवतीं माणसांच्या स्वभावांची जत्रा भरते. ती जत्रा अप्रतिम आहे, आणि तिला आम्हीहि मनमुराद हंसलों आहों. पण हंसून झाल्यावर एक गोष्ट मनांत राहते: सारा मेळा म्हशीभोंवतीं उभा राहून पंचनाम्याची चर्चा करीत असतां, खालीं बसून तिच्या अंगावरून हात फिरविणें हें कोणाच्याच लक्षांत येत नाहीं. लेखकानें समाजाचें हें चित्र हुबेहूब काढलें आहे. उणीव आहे ती समाजांत.

या ठिकाणीं एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. कोणी म्हणेल, बाटली, नळी, दोरी आणि शेण यांचें वर्णन हें पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाचें काम; वाङ्मयाचा विषय भाव हा आहे, क्रिया नव्हे. यास उत्तर देण्यास फार लांब जावें लागत नाहीं. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत आल्फ्रेड वाइट या नांवाचा एक गुरांचा डॉक्टर होता. त्यानें जेम्स हेरियट हें टोपणनांव घेऊन १९७० मध्यें 'इफ ओन्ली दे कुड टॉक' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या पहिल्याच प्रकरणांत, कडाक्याच्या थंडींत, उघड्या अंगानें गोठ्याच्या दगडी जमिनीवर पालथा पडून हा डॉक्टर अडलेली गाय सोडवीत आहे. आणि शेजारीं उभा असलेला म्हातारा, दुसरा एक डॉक्टर याहून कसा हुशार आहे, हें त्यास सारखें ऐकवीत आहे! वासरूं जिवंत निघतें. आणि शेवटीं कांहीं प्यावयास देण्याची जी गोष्ट निघते, ती थकलेल्या डॉक्टरासाठीं नसून गाईसाठीं असते. या प्रकरणांत दया हा शब्द शोधावा लागेल. क्रियेचें वर्णन इतकें प्रामाणिक आहे कीं भाव वेगळा सांगावा लागतच नाहीं; तो त्या बधिर झालेल्या हातांतच आहे. जगभरच्या वाचकांनीं त्या पुस्तकमालेवर प्रेम केलें तें यामुळेंच. मराठींतहि डॉ. विनया जंगले यांच्या 'मुक्या वेदना' या पुस्तकानें, पशुवैद्यानें स्वतः लेखणी धरली म्हणजे काय घडूं शकतें, हें दाखविलें आहे. तेथें विशेषतः वन्य प्राणी आहेत. देवगांवच्या दावणीची गाय आपल्या हेरियटची वाट पाहत आहे.

परंतु केवळ एक नवा विषय वाङ्मयास मिळावा, एवढ्यासाठींच हें आम्ही लिहीत नाहीं. करुणा म्हणजे एक कोमल भावना, असें ज्या समाजास वाङ्मय शिकवितें, तो समाज ज्यांच्या डोळ्यांत पाणी नाहीं त्यांस निर्दय समजूं लागतो. रात्रीं तीन वाजतां आलेला वैद्य रडत नाहीं, कारण रडणाऱ्या हातास शीर सांपडत नाहीं. तो आधीं खर्चाची गोष्ट काढतो, कारण त्याच्या रुग्णाची किंमत बाजारांत ठरलेली असते. पंधरा दिवसांचें दूध कर्जाच्या हप्त्यास लावून बसलेल्या घरास, या जनावरावर आणखी किती घालावें आणि कोठें थांबावें, हें सांगणें त्याच्याच वांट्यास येतें. माणसांच्या डॉक्टरास इतक्या उघडपणें असा हिशेब सहसा करावा लागत नाहीं. नगरांतील रुग्णालयांत रात्रीच्या पाळीवर हेंच वेगळ्या रूपानें घडतें. घरांतील म्हातारा कुत्रा आतां बरा होणार नाहीं, त्यास सुखानें जाऊं द्यावें, असें रडत्या कुटुंबास सांगावयाचें. सुई टोंचतांना त्याचा पाय हलक्या हातानें धरावयाचा. कुटुंब घरीं गेल्यावर टेबल धुऊन पुसून घ्यावयाचें. कारण दाराशीं दुसरा रुग्ण आलेला असतो. टेबल पुसणाऱ्या त्या परिचारकाच्या मनांत काय चाललें असेल, हें ज्यास लिहितां येईल तो खरा कथाकार, असें आम्ही समजूं.

आणि रुग्ण तर मुका! कोठें दुखतें हें तो सांगत नाहीं, बरें वाटल्यावर आभार मानीत नाहीं, आणि चूक झाली तर गाऱ्हाणेंहि करीत नाहीं. म्हणून या धंद्यांतील सचोटीस साक्षीदार नाहीं. २०२२ मध्यें लंपी त्वचारोगाची सांथ महाराष्ट्रांत आली, तेव्हां गोठ्यागोठ्यांतून लस टोंचली गेली. त्या लसीकरणाचे आंकडे पुष्कळ छापून आले. टोंचणाऱ्या हातांची कथा लिहिली जावयाची आहे. ज्या माणसांस साक्षीदार नाहीं, त्यांचा साक्षीदार होणें हें तर वाङ्मयाचें जुनें कर्तव्य. तें टळलें म्हणजे काय होतें, याची खूण आपल्या घरगुती भाषेंत आहे: 'ढोरांचा डॉक्टर' हे दोन शब्द आजहि सुशिक्षित घरांत थट्टेच्या सुरांत उच्चारले जातात, आणि मुलानें तो मार्ग धरला तर आईबाप थोडेसे ओशाळतात. तो दोष आमच्याहि घरांत आहे, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आरंभीं ज्या कथांपासून आम्ही निघालों, त्यांतील एकीकडे परत वळणें न्याय्य होईल. एकनाथांची कथा करुणेच्या एका क्षणाची आहे, असें आम्हीं वर म्हटलें. तें अपुरें होतें. गाढवाच्या मुखांत पाणी घालण्यास नाथांजवळ पाणी असावें लागलें. आणि तें असण्यासाठीं काशीपासून कोसामागून कोस कावड खांद्यावर वाहावी लागली. दयेचा उमाळा कोणाहि वाटसरूस आला असता. कावड भरलेली ज्याच्यापाशीं होती, त्याच्याच हातून तें गाढव वांचलें. कथा सांगतांना आम्ही तो उमाळा तेवढा सांगत आलों आणि कावडीचें ओझें सांगावयाचें विसरलों. औषधाची पिशवी भरून ठेवून, जोडे दाराशीं काढून, फोन उशाशीं घेऊन जो मनुष्य आज रात्रीं देवगांव रंगारीच्या परिसरांत निजला असेल, त्याच्या खांद्यावर तेंच ओझें आहे. आमच्या तरुण लेखकांनीं एखाद्या रात्रीं त्याच्याबरोबर जावें, बाटली धरून उभें राहावें, आणि मग लिहावें, एवढेंच आमचें त्यांस सांगणें आहे.