एकाचा गुन्हा, साऱ्यांची रजा बंद

लॅटिन अमेरिकन कादंबरीचा विषय निघाला की आपल्याकडे मार्केझच्या पुढे चर्चा सहसा जात नाही. पेरूच्या मारिओ वार्गास योसा यांना २०१० साली नोबेल मिळाले तेव्हा चार लेख आले, २०२५ मध्ये ते वारले तेव्हा आणखी दोन-चार. पण त्यांची १९६३ ची पहिली कादंबरी ‘ला स्युदाद इ लोस पेर्रोस’, म्हणजे ‘शहर आणि कुत्री’, आम्हांस आजही त्यांची सर्वांत अस्वस्थ करणारी कृती वाटते. आम्ही ती इंग्रजीतून वाचली. इंग्रजी अनुवादकाने तिला ‘नायकाचा काळ’ अशा अर्थाचे गुळगुळीत नाव देऊन मूळ नावातली कुत्री घालवली आहेत. ही कुत्री म्हणजे लिमाच्या लिओन्सिओ प्रादो लष्करी शाळेत नव्याने आलेली मुले. त्यांना वरच्या वर्गातले हेच नाव देतात आणि तसेच वागवतात. लेखक स्वतः १९५० साली या शाळेत दाखल झाला होता. लिहिण्याचे खूळ जाऊन मुलगा ‘मर्द’ व्हावा, ही वडिलांची इच्छा. खूळ गेले नाही, आणि शाळेची कादंबरी झाली!

कथानकाची कळ एका फुटलेल्या काचेत आहे. काव्हा नावाचा मुलगा रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका चोरतो, घाईत खिडकीची काच फुटते आणि चोरी उघडकीस येते. चोर सापडेपर्यंत त्या रात्री पहाऱ्यावर असलेल्या मुलांची सुट्टी बंद. शनिवारमागून शनिवार जातात. त्यांत आराना आहे, ज्याला सारे ‘गुलाम’ म्हणतात. त्याला एका मुलीला भेटायचे आहे. शेवटी तो एका अधिकाऱ्याकडे जाऊन काव्हाचे नाव सांगतो आणि बाहेर जायची परवानगी मिळवतो. काव्हाची पदचिन्हे सर्वांसमक्ष उतरवून त्याला हाकलले जाते. पुढे युद्धसरावात आरानाच्या डोक्यात गोळी लागते. शाळा म्हणते, अपघात.

या कादंबरीवर लिहिणारे बहुधा लष्करी क्रौर्याविषयी आणि पुरुषीपणाविषयी लिहितात. ते चूक नाही. पण आमच्या मते लेखकाने याहून बारीक गोष्ट पकडली आहे, ती म्हणजे सामूहिक शिक्षेचे यंत्र कसे चालते. वर्गात एकाने खोडी काढली की सगळा वर्ग बाकावर उभा, हे आपणही सोसले आहे. मास्तरांना खोडकर हवा असतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांना हवे असते ते मुलांनीच एकमेकांवर पाळत ठेवणे. आरानाला लष्कर हातही लावत नाही. सुट्टी रोखून ते बाजूला होते, बाकीचे काम मुले करतात. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी युद्धकैद्यांना अशी शिक्षा देण्यास बंदी केली. शत्रूच्या सैनिकाला जे संरक्षण मिळाले ते पंधरा-सोळा वर्षांच्या या पोरांना नाही.

हाच खेळ पुढे उलटा होतो, आणि इथे लेखकाची ताकद दिसते. आल्बेर्तो हा मित्र लेफ्टनंट गाम्बोआकडे जातो, जाग्वारने खून केला असे सांगतो आणि बराकीतली सारी बिंगे फोडतो. कपाटांची झडती होते, दारू-सिगारेटी सापडतात, अख्खी तुकडी अडकते. मुले ठरवतात, चुगली जाग्वारनेच केली. ज्याने चुगलखोराहून नीच कोणी मानला नाही, त्यालाच सारे मिळून चुगलखोर म्हणून मारतात. खरे नाव जाग्वारला ठाऊक आहे. तो सांगत नाही. खुनाचा संशय ज्याच्यावर आहे तोच तेवढा या यंत्राला आपल्या बाजूने बंद पाडतो. वाचकाने आता कोणाच्या बाजूने उभे राहायचे? प्रामाणिक गाम्बोआची तर दूर हुलियाकाला बदली होते, आणि आल्बेर्तोचे तोंड त्याच्याच चावट गोष्टी दाखवून बंद केले जाते.

उणिवा आहेत. तिन्ही मुलांचे एकाच तेरेसावर मन बसते, हा योगायोग पचत नाही. तेरेसाला स्वतःचे असे काही मन आहे याची लेखकाला फारशी फिकीर नाही.

आमच्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल तो काव्हा. तो डोंगराळ भागातला, ‘सेरानो’. बोआ नावाच्या सोबत्याच्या स्वगतात सेरानो लोकांविषयीचे सारे पूर्वग्रह ऐकू येतात: ते असेच असतात, त्यांचा भरवसा नाही. पुढे त्याच बोआला काव्हाची कीव येते, माणूस वाईट नव्हता असे वाटते. एकाच्या नावावर सगळ्या जमातीचा हिशेब मांडणारी ही भाषा कोणत्याही मोहल्ल्यात राहिलेल्याला नवी नाही. बराकीतली शिक्षा आणि ही भाषा एकाच मुळावरची आहेत, हे लेखक कुठेही भाषण न करता दाखवतो. मात्र काव्हाच्या मनात तो शिरत नाही. हाकलल्यावर काव्हा कुठे गेला, घरच्यांना काय म्हणाला, हे कळत नाही. ही गोष्ट एकदा त्या सेरानोच्या तोंडून ऐकायला आम्हांला आवडली असती.